अतिवेगाचे चलान आणि चालकाची बाजू



बोरी अरबहून सोयाबीन किंवा कापूस भरून निघालेली मालमोटार कारंज्यापाशी समृद्धी महामार्गास लागली, की शेजारून मोटारी सुसाट जाऊ लागतात. त्या मोटारींची मर्यादा ताशी 120 किलोमीटर, मालमोटारीची 80. रस्ता एकच, पण कायदा वाहनाचा वर्ग पाहतो. चलान हाती येताच वाहनाचा वर्ग, क्रमांक, स्थळ आणि वेळ प्रथम ताडून पाहावी. ताडा जुळला आणि वेगही खरोखर वाढलेला होता, तर दंड भरून मोकळे व्हावे. न्यायालय हे नशीब अजमावण्याचे ठिकाण नव्हे.

परंतु आरोप खोटा वाटत असेल, तर मुकाट्याने पैसे भरू नयेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 183 अन्वये हलक्या वाहनास 1,000 ते 2,000 आणि मध्यम व जड वाहनास 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. दुसऱ्या अपराधास परवानाच अडकतो. मालमोटारीवर ज्याचे घर चालते, त्याला दंडापेक्षा ही तरतूद जड जाते. आज भरलेला दंड हा उद्याचा पहिला अपराध ठरू शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

याच कलमात चालकाचे संरक्षणही आहे. ‘गाडी फार वेगात होती’ एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणासही दोषी ठरविता येत नाही. ते मत यंत्राच्या मापनावर आधारलेले असावे लागते. म्हणून बचावाची खरी तयारी यंत्रापासून सुरू होते. 2021 मध्ये केंद्रीय नियमांत 167-अ हा नियम दाखल झाला. त्याने यंत्रास मान्यतेचे प्रमाणपत्र व त्याचे वार्षिक नूतनीकरण, रस्त्यावर आगाऊ सूचनाफलक, आणि वाहनाचा क्रमांक स्पष्ट दाखविणारे छायाचित्र या गोष्टी आवश्यक ठरविल्या. चालकाने प्रमाणपत्राची तारीख आणि छायाचित्र लेखी अर्जाने मागावे. फलक नसेल, तर त्या जागेची छायाचित्रे लगेच घ्यावीत. महिन्याभराने फलक उभा राहिला, तर तो आधी नव्हता हे सिद्ध करणे कठीण.

टोलच्या पावत्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. शंभर किलोमीटर अंतर दोन तासांत कापले, तर सरासरी पन्नास येते. पण वाटेत अर्धा तास चहापाण्यात गेला असेल, तर एखाद्या क्षणी वेग शंभरावर गेला नव्हता असे त्यावरून ठरत नाही. त्यापेक्षा वेगनियंत्रकाचे कागद मोलाचे. तो बसविणे ज्या मालवाहू वाहनास बंधनकारक आहे, त्यात तो सामान्यतः ताशी 80 वर बांधलेला असतो. अर्थात त्याच्याशी कोणी छेडछाड केली असेल, तर हाच पुरावा उलटेल.

चलान मालकाच्या नावे येते. गाडी दुसरा चालवीत असेल, तर विचारणा होताच त्याचे नाव सांगणे हे कलम 133 प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. समन्स आल्यावर गुन्हा कबूल करून दंड टपालाने पाठविण्याची मुभाही असू शकते. तसे केले की वाद तेथेच संपतो. लोकअदालतीत होते ती तडजोड, दोषमुक्ती नव्हे.

आणखी एक हिशेब आधी करावा. खटला गुन्हा घडला त्या हद्दीतील न्यायालयात चालतो. कारंज्याजवळचा अपराध वाशिम जिल्ह्यात पडतो, म्हणून दारव्ह्याला चौकशी करून भागणार नाही. प्रत्येक तारखेला एक दिवसाचे भाडे बुडते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना ही मदत विनामूल्य मिळते.