वजाबाकीची वजाबाकी



मेंदूची चित्रे पुढे करून माणसांच्या एखाद्या गटाबद्दल निवाडा देणाऱ्या बातम्या हल्ली वारंवार वाचावयास मिळतात. त्या निवाड्यामागचा हिशेब साध्या कामगारालाही तपासता येतो, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

रक्तातील प्राणवायू कमीजास्त झाला की चुंबकीय यंत्रातील चित्र बदलते, हे 1990 साली सेइजी ओगावा यांनी दाखवून दिले. फंक्शनल एमआरआय उभा आहे तो याच पायावर. परंतु यंत्राचा एकटा आकडा मुका असतो. म्हणून अवघड कामाच्या आकड्यातून सोप्या कामाचा आकडा वजा करावा लागतो.

आता असे समजा की, दिवसपाळीचे 20 आणि रातपाळीचे 20 कामगार तपासले. दिवसपाळीची सरासरी सोप्या कामाला 10, अवघड कामाला 16, फरक 6. रातपाळीची 12 आणि 16, फरक 4. यांपैकी 6 हा फरक योगायोगाच्या कसोटीला उतरला, 4 उतरला नाही. लगेच मथळा तयार होतो : 'रातपाळीवाल्याचा मेंदू अवघड कामाला साथ देत नाही!' बढतीच्या वेळी हाच मथळा कोणाच्या तोंडावर फेकला जाईल, हे सांगावयास नको.

पण थांबा. दावा दोन पाळ्यांतील भेदाचा आहे. तेव्हा कसोटी लागली पाहिजे ती 6 वजा 4, म्हणजे 2 या आकड्याला. यालाच शास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. दिवसपाळीचे अवघड अधिक 1, सोपे उणे 1. रातपाळीचे अवघड उणे 1, सोपे अधिक 1, अशी ही मांडणी असते. हे 2 कसोटीला उतरले नाहीत, तर भेद सिद्ध झाला नाही.

हा हिशेब पायरीपायरीने करावा लागतो. पहिल्या पायरीवर प्रत्येकाची वजाबाकी त्याच्याच चित्रांतून करावयाची. दुसऱ्या पायरीवर माणशी एक याप्रमाणे आलेले 40 आकडे घेऊन दोन गट ताडून पाहावयाचे. माणशी 200 चित्रे काढली म्हणून 8,000 साक्षीदार होत नाहीत. सभेत एका कामगाराने 200 वेळा हात वर केला, तरी मत एकच धरावयाचे!

ही चूक शिकलेल्यांकडूनही होते. 2011 साली सँडर नीवेनहाउस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पाच नामांकित नियतकालिकांतील 513 लेख तपासले. ही चूक होऊ शकेल असे लेख 157 होते. त्यांतील 79 लेखांत ती झालेली होती.

आणि 2 कसोटीला उतरले, तरीही चारही सरासऱ्या मागून घ्या. आमच्या उदाहरणात अवघड कामाला दोन्ही पाळ्यांचे आकडे 16 च आहेत. तफावत आहे ती सोप्या कामात. मथळा बोट दाखवीत होता भलतीकडेच. माणसांवर निवाडा देणाऱ्याकडे हे चार आकडे मागणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.