शेवटच्या बाकावरील मूल

(मानखुर्द शाखेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही अकरावी मॅट्रिक झालेले साधे शिक्षक. विद्वत्तेचा दावा आमच्यापाशी नाही. तथापि उभा जन्म खडू हाती धरण्यात गेला, त्यातील एक पश्चात्तापाची गोष्ट आपल्यापुढे ठेवण्याची परवानगी मागतो.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. पाढे घडाघडा म्हणे, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगे; परंतु वाचावयास उभा केला की अडखळे. वहीत 'ब'च्या जागी 'व', वेलांट्या उलट्या. आम्ही त्यास आळशी ठरविले, छड्या दिल्या आणि अखेरीस शेवटच्या बाकावर बसविले. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. बुद्धी उत्तम असूनही अक्षरांशी झगडावे लागते, त्यास अध्ययन अक्षमता म्हणतात, हे आम्हांस पुढे कित्येक वर्षांनी एका प्रशिक्षणवर्गात समजले. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

निवृत्तीनंतर मानखुर्द स्टेशनवर एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. तोच तो मुलगा! आता विजेची कामे करून संसार उत्तम चालवितो. संकोचाने खिशातून एक अर्ज काढून म्हणाला, "गुरुजी, एवढा भरून द्याल का? मुलाच्या शाळेचा आहे. तोही माझ्यासारखाच मठ्ठ निघाला." 'मठ्ठ' हा शब्द त्यास कोणी शिकविला, हे आपणांस सांगावयास नकोच.

ही अडचण पुष्कळदा घराण्यात उतरते. त्या बापलेकांस घेऊन आम्ही शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात गेलो. तेथे तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले. अशा प्रमाणपत्रामुळे शालान्त परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळू शकतात. आज तो नातवासमान मुलगा नववीत आहे आणि निराळ्या रीतीने शिकविल्यामुळे वाचूही लागला आहे. बापाच्या वेळी हे आम्हांस ठाऊक असते, तर!

आज व्यासपीठावर आलेल्या मुलांचे आम्ही अंतःकरणपूर्वक अभिनंदन करतो. परंतु जी मुले या सभागृहात आलीच नाहीत, त्यांचे काय? संमेलनास निघताना एखादे मतिमंद वा स्वमग्न मूल शेजारी ठेवून येणारी कुटुंबे आपल्या ज्ञातीत आहेत. वधूवर-सूचक नोंदवहीत थोरल्या बहिणीचे नाव असते. धाकट्याविषयी कळले तर स्थळ मोडेल, ही धास्ती. पूर्वजन्मीचे पाप म्हणून कुजबुजणारे आपणच, आणि आईबापांनी मूल लपविले म्हणून बोल लावणारेही आपणच. त्या माउलीस वर्षानुवर्षे हळदीकुंकवालाही बाहेर पडता आलेले नसते.

ज्या मानखुर्दात आपण जमलो आहोत, तेथेच चिल्ड्रेन्स एड सोसायटीने १९४१ साली मतिमंद मुलांसाठी गृह काढले. शिवडी येथील जय वकील शाळा १९४४ साली निघाली, ती आपल्या दीना नावाच्या कन्येसाठी शाळा न मिळालेल्या वकील दांपत्याच्या तळमळीतून. १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी कुलाब्यास शाळा सुरू केली, तीही स्वतःच्या मुलीकडे पाहूनच. त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, पुढे दोन पदव्युत्तर पदव्या संपादन केल्या. या आईबापांनी मूल दाराआड ठेवले असते, तर हजारो मुलांची दारे बंदच राहिली असती.

आता कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य झाली असून, ४० टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्यामागे याचे कोण?" ही आईबापांची खरी चिंता. मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेल्या व बहुविकलांग व्यक्तींना अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने केली आहे. परंतु कायदा कागदावर असतो. रुग्णालयाच्या रांगेत मुलाचा हात धरून उभे राहावयास माणूस लागतो.

म्हणून मंडळास तीन विनंत्या. रुग्णालयात व कचेरीत अशा कुटुंबांसोबत जाण्यासाठी निवृत्त सभासदांची यादी करावी. स्थळ पाहताना भावंडाच्या व्यंगावरून नकार देणार नाही, असा ठराव संमत करावा. आणि पुढील वर्षीच्या सत्कारात, ज्या मुलाने स्वतःच्या हाताने शर्टाची गुंडी लावावयास शिकून घेतले, त्याचेही नाव पुकारावे.

यादीत पहिले नाव आमचे लिहावे. आठवड्यातून दोन सायंकाळी आम्ही अशा मुलांस शिकवू, फी नाही. हे उपकार नव्हेत, आमची जुनी बाकी आहे. पुढील संमेलनात ती मुले आपल्या आईबापांसह पहिल्या रांगेत बसलेली पाहावयास मिळोत, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.