आधी कोंबडी, मग स्टाईल फरशी
(बचत गटांच्या मासिक मेळाव्यात दोंडाईचा येथे क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

संघाच्या अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या सीआरपी ताई आणि खेड्यांवरून रिक्षा करून आलेल्या माझ्या मावश्यांनो,

आज मला कर्जाच्या अर्जांवर बोलायचं आहे. विषय कोरडा वाटेल, पण त्यात कोंबड्या आहेत, गिलक्याचा वेल आहे आणि शेवटी तुमचं घरही आहे.

सुरतहून कायमच्या गावी परत आलेल्या ज्या ताई गटात येतात, त्यांचा पहिला अर्ज बहुतेक घरदुरुस्तीचा असतो. घरदुरुस्ती म्हणजे काय करणार, असं विचारलं की पुढच्या खोलीत स्टाईल फरशी, भिंतींना रंग, आणि जमलं तर पीओपी. मला हे समजतं. उधना-लिंबायतच्या एका खोलीत दहा-पंधरा वर्षं काढायची, नळावर भांडायचं, आणि गावी आल्यावर शेजारीण म्हणणार, "एवढी वर्षं सुरतले होती, काय आणलं?" फरशी हे त्या प्रश्नाचं उत्तर असतं. पण ताई, फरशी हप्ता भरत नाही. सुरतला पगाराची तारीख असायची. गावात मिरचीच्या पथारीवर देठ खुडायचं काम असतं तेव्हा असतं, कापूस वेचणी असते तेव्हा असते. मधले महिने कोरडे. त्या कोरड्या महिन्यांत हप्ता थकला की घरात पहिलं वाक्य येतं, "चला परत सुरतला." ज्यांना परत जायचं नाही, त्यांच्यासाठी मी बोलते आहे.

घराला पैसा लावूच नका असं मी म्हणत नाही. आधी छपराला लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी लेकरू झोपत नाही, म्हातारं माणूस तळमळतं. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारला तरी फरक पडतो, स्वस्तातलं काम आहे. जूनमध्ये भिंतीशी गिलक्याचे किंवा डांगराचे दोन वेल लावून पत्र्यावर चढवा, ऑक्टोबरच्या उन्हात सावलीही मिळते आणि भाजीही. ज्यांचं जुनं धाब्याचं घर आहे त्यांनी ते घाईने पाडू नका. लाकूड शाबूत असेल तर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर नीट द्या. उन्हाळ्यात त्या घरासारखी झोप पत्र्याखाली लागत नाही, हे तुमच्या सासूबाईंना विचारा. दुसरं काम मोरीचं. सांडपाणी गल्लीत सोडायचं नाही, त्याला परसात वळवायचं. एक खड्डा, त्यात विटांचे तुकडे, वर जाड वाळू, आणि पुढे चर. हे पाणी पुढे लागणार आहे, कारण शिंदखेडा तालुका अवर्षणाचा आहे आणि नळ रोज येत नाही.

आता कोंबड्या. गटात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघतं, आणि शंभर पिलांचा अर्ज येतो. शंभर पिलांना शेड लागतं, ऊब द्यायला बल्ब लागतो, आणि वीज कधी जाते ते आपल्याला माहीत आहे. माझं मत स्पष्ट आहे: ज्या ताईंनी याआधी कोंबड्या पाळल्या नाहीत, त्यांनी पाच कोंबड्या आणि एक कोंबडा यापुढे पहिल्या वर्षी जाऊ नये.

पाचांचा हिशेब मांडू. देशी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. पाचांची तीनशे-चारशे झाली. त्यातली काही लेकरांच्या ताटात, काही विकायला, आणि काही खुडूक कोंबडीखाली. दहा-बारा अंड्यांवर ती बसली की एकविसाव्या दिवशी पिलं. वनराज, गिरिराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्या खुडूक बसत नाहीत, म्हणजे पिलं दरवेळी विकत आणावी लागतात. गिरिराजची अंडी देशी कोंबडीखाली ठेवणाऱ्या मावश्या आपल्यात आहेत, मला ही युक्ती त्यांनीच शिकवली, एमएसडब्ल्यूच्या पुस्तकात नव्हती.

रात्रीचं खुराडं जमिनीपासून हातभर उंच करा आणि जाळी बारीक घ्या. मुंगूस आणि बोका दोघेही फटीतून येतात. घराच्या भिंतीला चिकटवून नको. सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. उन्हाळ्यात पाण्याचं मातीचं भांडं सावलीत दोन ठिकाणी हवं. कोंबडी चोच उघडून धापा टाकायला लागली म्हणजे तिला ऊन लागलंय.

आणि लस. आपण मानमोडी म्हणतो, डॉक्टर राणीखेत म्हणतात. हा रोग आला की आठवड्यात खुराडं रिकामं होतं, त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिलू पाच-सात दिवसांचं असताना लासोटाचा थेंब, आणि पुढे साधारण आठ आठवड्यांनी सुई. मग लोक देत का नाहीत? कारण बाटली शंभर पिलांची किंवा त्याहून मोठी येते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिलांसाठी एकटी बाई बाटली कशी आणेल? इथे गट कामाला येतो. सगळ्या गल्लीने एकाच काळात कोंबड्या बसवायच्या आणि एकाच सकाळी लस द्यायची. बचतीइतकंच हेही गटाचं काम आहे.

एक गोष्ट जुन्या मावश्यांना आठवत असेल. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच रेल्वे लाइनवर, नवापूरला सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. मोठ्या फार्मवाल्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही गेल्या. 2021 मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. म्हणून सांगते, एकदम पाच-सहा कोंबड्या मेल्या तर त्या उकिरड्यावर टाकू नका, खाऊ नका, विकू तर मुळीच नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवलं तर सगळ्या गावाचं नुकसान होतं.

परसबागेचं थोडक्यात सांगते, कारण उमेदच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेत बऱ्याच जणींनी वाफे केलेच आहेत. साबणाचं पाणी पालेभाजीला देऊ नका. ते केळी, पपई, शेवगा यांना चालतं. मेथी, पालक, कोथिंबिरीला भांडी आणि भाज्या विसळलेलं पाणी ठेवा. शेवग्याची फांदी जूनमध्ये खोचली की लागते, आणि पानांची भाजीही होते, नुसत्या शेंगांची वाट बघू नका. कोंबड्या आणि वाफे यांचं मात्र जमत नाही. नवीन रोपं ती दहा मिनिटांत उकरून टाकतात. म्हणून बाभळीच्या काट्या आणि जुन्या साड्यांचं कुंपण आधी, बी नंतर. भाजी निघाल्यावर मोकळ्या वाफ्यात कोंबड्या खुशाल सोडा, किडे त्याच वेचतील.

बी मात्र घरचं धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान वाण जमवून घरात बियाणं बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला 2004 पासून वनभाज्यांचा महोत्सव भरतो, बाया रानातल्या भाज्या रांधून आणतात. सुरतहून आलेल्या ताईंना घोळ, तांदुळजा, काटेमाठ विकतच्या भाज्यांपुढे गरिबाच्या वाटतात. त्या बांधावर फुकट उगवतात आणि ताटात तितक्याच कामाच्या असतात.

आता शेवटचा मुद्दा, यावर घरात भांडण होऊ शकतं. एका गावात मी एका वहिनींना विचारलं, कोंबड्या तुमच्या ना? त्या म्हणाल्या, "कोंबड्या मन्या शेतस, पैसा त्यासना." सगळ्या बाया हसल्या, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दाणा ती टाकते, रात्री मुंगसाला ती उठते, आणि कोंबडा विकला जातो तेव्हा ती विहिरीवर असते. म्हणून अंड्याकोंबडीची वही वेगळी ठेवा आणि त्या पैशातून गटाची बचत स्वतःच्या हाताने भरा.

घराचंही तसंच. कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या नावावर, आणि घर कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावावं, असा ग्रामविकास विभागाचा शासन निर्णय 20 नोव्हेंबर 2003 चा आहे. ही करआकारणीची नोंद आहे, खरेदीखत नव्हे, हे लक्षात ठेवा. पण उद्या कुणी "निघ घरातून" म्हणालं तर हातात काहीतरी कागद असतो. घर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी ती नोंद नवऱ्याच्या नावे व्हावी लागते, त्याला वेळ लागेल, चिडू नका. दोंडाईचा शहरात राहणाऱ्यांनी नगरपालिकेच्या मालमत्ता कराची पावती बघावी. आणि दुरुस्तीवर पैसा लावण्याआधी हे बघा, नंतर नाही. स्टाईल फरशी बसल्यावर नाव लावायचा विषय कुणी काढत नाही.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने दोन गोष्टी आणायच्या: नमुना 8 चा ताजा उतारा, आणि आपल्या गल्लीत किती कोंबड्या खुडूक बसल्या आहेत त्याचा आकडा. तो आकडा मिळाला की लशीचा दिवस ठरवू, बर्फाचा डबा मी आणते.