सातजणींचा मोर्चा



१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मुस्लिम स्त्रियांचा एक मोर्चा गेला. स्त्रिया होत्या अवघ्या सात! तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे, ही त्यांची मागणी. मोर्चाचे संयोजक होते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे कथाकार व कादंबरीकार हमीद दलवाई.

संख्येकडे पाहून कोणालाही हसू यावे. परंतु कुटुंबाचा आणि समाजाचा रोष पत्करून उंबरठा ओलांडणाऱ्या स्त्रीची गणना डोकी मोजून करावयाची नसते. २२ मार्च १९७० रोजी दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि नावातच जोतीराव फुल्यांशी नाते जोडले. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. पत्नी मेहरुन्निसा यांनी ते कार्य पुढे चालविले.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरविला. मधे एक्कावन्न वर्षे लोटली होती. बहुपत्नीत्वाचा प्रश्न तर अजूनही देशभर सुटलेला नाही. सुधारणेचे पहिले पाऊल नेहमी एकाकी असते. ते एकाकी ठेवणे, हा मात्र इतरांचा दोष होय.