पान्हा आटतो कशाने?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचे सोडून हा बाळंतिणीच्या दुधावर काय बोलायला लागला, असे काहींच्या मनात येईल. पण वेचणी सुरू झाली की गावोगाव एकच तक्रार ऐकतो. लेकरू तीन महिन्यांचे. आई सकाळी वावरात गेली ती दिवस मावळता परत. पंधरा दिवसांत सासू म्हणते, "हिचे दूधच आटले." कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते हिच्या अंगातच नाही. मग पावडरचा डबा घरात येतो.

भावांनो, एक सांगा. गाभण म्हैस विण्याआधी आपण आटवतो कशी? एका वेळची धार सोडतो, मग दुसऱ्या वेळची. कासेत दूध साचून राहिले की नवे तयार होणे थांबते. मायबहिणींची जनावराशी बरोबरी मी करीत नाही, पण निसर्गाचा नियम तोच आहे. बाळ जितके ओढून पिते तितके दूध तयार होते. पाजणे चुकले की दूध कमी होते. म्हशीबाबत हे तुम्हाला आजोबांपासून ठाऊक आहे. घरातल्या बाईबाबत मात्र आपण दृष्ट काढत बसतो.

मीही त्यातलाच. शेतकीची पदवी घेतली, दुभत्या जनावरांवर पेपर लिहिले. पहिल्या लेकीच्या वेळी बायको म्हणाली, दूध कमी पडते. मी डबा आणून दिला. एका बाटलीमागे एकदा पाजणे चुकले. महिन्याभरात होते तेही आटले आणि बोल तिला लागला. चूक माझी होती.

आधी दूध खरेच कमी आहे का ते पाहा. बाळ रडते, सारखे प्यायला मागते, छाती मऊ लागते, एवढ्यावरून दूध कमी ठरत नाही. केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी करते आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत अंगणवाडीच्या काट्यावर महिन्याला निदान अर्धा किलो भरते, तर दूध पुरते आहे. सहा महिन्यांपर्यंत त्याला वरचे पाणीसुद्धा लागत नाही.

खरेच कमी झाले असेल तर पाजणे वाढवा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, दोन्ही बाजूंनी पाजा. बाळाने नुसते टोक नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात घेतला पाहिजे. रात्रीचे पाजणे सोडू नका, कारण दूध तयार करणारा शरीरातला रस रात्री जास्त असतो. वावरात निघताना पाजा, घरी आल्याबरोबर पाजा. मधल्या वेळात दर तीन तासांनी बाळ बांधावर आणा. तेवढे जमत नसेल तर हात धुऊन दूध हाताने काढा. ते टाकून द्यावे लागले तरी चालेल, पण साचू देऊ नका. घरून निघताना काढलेले दूध स्वच्छ झाकलेल्या भांड्यात, सावलीत ठेवा. चार तासांच्या आत, ऊन तापले असेल तर त्याआधीच, वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको.

पोटाला रोजच्यापेक्षा दोन भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण जास्त हवे. तहानेला पाणी हवे. हाळीव, डिंक, मेथी खुशाल द्या, अन्न म्हणून चांगलेच आहे. पण लाडू खाऊ घातले आणि पाजायला सवड दिली नाही, तर दूध वाढायचे नाही. भीती, दुखणे, घरातले टोमणे यांनीही पान्हा अडतो. सासूबाईंनो, हे तुमच्यासाठी.

बाळंतपणात फार रक्त गेले असेल, थायरॉईडचा आजार असेल, पुन्हा दिवस गेले असतील, काही प्रकारच्या संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील, तरी दूध घटते. छाती लाल होऊन दुखली, ताप आला तर दवाखाना गाठा. बाळ सुस्त पडले, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी न्या. सगळे करूनही वजन भरले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्या. त्यात आईला कमीपणा नाही. पण जाहिरातीला भुलून डबा नको. डब्याच्या आणि बाटलीच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, ती उगीच नाही.

आता मुद्द्याचे. १९६१ च्या कायद्याने कारखान्यातल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज पाजायला दोन वेळा सुट्टी दिली. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईला काय मिळाले? पाजायला बसली की तेवढी मजुरी बुडाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात बाळंतिणीला निदान सहा हजार रुपये लिहिले. २०१७ ची योजना आली ती पहिल्या बाळासाठी पाच हजारांची. सरकारशी ते भांडण आपण भांडूच.

पण वावर तर आपले आहे. या हंगामात एवढे ठरवा. बांधावर सावली आणि झोळी. लेकरांपाशी एक म्हातारी, तिलाही मजुरी. अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन वेळा अर्धा अर्धा तास, आणि तेवढ्या वेळची मजुरी धरून द्यायची. फवारणीच्या कामाला तिला लावायचे नाही. घरच्या लक्ष्मीलाही हाच नियम.

सरकार आपल्या घामाची किंमत उत्पादन खर्चात नीट धरत नाही, म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. मग आपल्याच वावरातल्या आईचा तासभर आपण हिशेबाबाहेर ठेवला, तर कोणत्या तोंडाने भाव मागायचा?