पक्ष बदलणारे आणि मत बदलणारे : ब्रिटनचा अनुभव



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघा स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, की पक्षांतर पाहावयाचे तर त्यासाठी इतक्या दूर ब्रिटनला जाण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होते तेही आम्हांस समजले. पण घरच्या माणसाची नाडी पाहताना वैद्याचाही हात कापतो. शिवाय ज्या पार्लमेंटच्या नमुन्यावर आपली लोकसभा उभी राहिली, तेथे हा प्रकार निदान पावणेदोनशे वर्षे राजरोस चालला आहे, आणि तो बंद करणारा कायदा तेथे आजतागायत झालेला नाही. एवढ्या शहाण्या म्हणविणाऱ्या लोकांनी तो का केला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम त्या सभागृहाची रचना डोळ्यांसमोर आणावी. कॉमन्स सभेतील बाके आपल्यासारखी अर्धवर्तुळात नाहीत, ती समोरासमोर आहेत. सभापतींच्या उजव्या हाताला सरकार पक्ष, डाव्या हाताला विरोधक, आणि मधे मोकळी वाट. एखादा सभासद उठून ही वाट ओलांडून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला की पक्षांतर झाले. अर्ज नाही, मंजुरी नाही, आणि त्याची जागाही जात नाही.

जागा का जात नाही? कारण कायद्याच्या दृष्टीने मतदारांनी निवडलेला असतो तो माणूस, पक्ष नव्हे. एडमंड बर्क याने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांसमोर हे निक्षून सांगितले, की तुमचा प्रतिनिधी तुमच्यासाठी राबेल, पण आपली विवेकबुद्धी तुमच्या स्वाधीन करणार नाही. (सहा वर्षांनी, १७८० साली, याच ब्रिस्टलमध्ये त्याला निवडणुकीतून अंग काढून घ्यावे लागले. ती आठवण तत्त्व सांगताना बहुधा राहून जाते.) आणि दुसरी एक गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल. ब्रिटनमध्ये मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापण्याची मुभा १९६९ च्या कायद्याने मिळाली, आणि १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते प्रथम दिसले. तोपर्यंत मतदाराच्या हाती पडणाऱ्या कागदावर उमेदवाराचे नाव, पत्ता आणि धंदा एवढेच असे. पक्ष मतदाराच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता.

आता माणसांकडे वळू. सर रॉबर्ट पील हा हुजूर पक्षाचा पंतप्रधान. परदेशी धान्यावरील जकात राखणे हे त्याच्या पक्षातील जमीनदारांचे जीवितकार्य. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ आला, आणि पीलची खात्री झाली की ही जकात गेलीच पाहिजे. १८४६ च्या मे महिन्यात ते विधेयक कॉमन्स सभेत ३२७ विरुद्ध २२९ मतांनी पार पडले, ते विरोधकांच्या मतांवर. कारण पीलच्या स्वतःच्या पक्षातील सुमारे दोन-तृतीयांश सभासदांनी त्याच्याविरुद्ध मत दिले. जूनमध्ये लॉर्ड्स सभेने विधेयक मान्य केले आणि त्याच रात्री कॉमन्स सभेत दुसऱ्या एका विधेयकावर त्याच्याच माणसांनी त्याला पाडले. पील पुन्हा अधिकारावर आला नाही. चार वर्षांनी घोड्यावरून पडून तो वारला. लक्षात घ्या, या माणसाने पक्ष सोडलाच नव्हता. पक्षाला वाटले याने आम्हांस सोडले, आणि त्याला वाटले पक्षाने देशाला सोडले. मग टोपी कोणी फिरविली?

पीलच्या मंत्रिमंडळात एक तरुण होता, विल्यम ग्लॅडस्टन. न्यूअर्क गावचा सभासद. त्या काळी तेथे असा कायदा होता की सभासदाने मंत्रिपद घेतले की त्याची जागा रिकामी होई, आणि त्याने परत मतदारांकडे जाऊन कौल मागावा लागे. १८४५ च्या अखेरीस ग्लॅडस्टन वसाहतमंत्री झाला. पण न्यूअर्कची जागा ज्या सरदाराच्या वजनाखाली होती, तो न्यूकॅसलचा ड्यूक धान्यावरील जकातीचा कट्टर अभिमानी. त्याच्या आश्रयाने निवडून आलेल्याने त्याच्याच मताविरुद्ध ती जागा पुन्हा मागावी, हे ग्लॅडस्टनला प्रशस्त वाटले नाही. त्याने न्यूअर्क सोडले. जकातीवरचा तो प्रचंड वाद कॉमन्स सभेत चालू असता हा मंत्री सभागृहाबाहेर होता! पीलच्या अनुयायांचा हा लहानसा गट नंतर तेरा वर्षे मधल्यामधे राहिला. १८५९ साली तो उदारमतवादी पक्षात मिळाला, आणि पुढे त्याच पक्षाकडून ग्लॅडस्टन चार वेळा पंतप्रधान झाला. तेरा वर्षे! आपल्याकडे तेरा दिवस कोणी थांबला तर आम्ही त्याचा सत्कार करू.

मंत्र्याने पुन्हा कौल मागण्याचा हा जुना कायदा आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. तो पक्षांतर रोखण्यासाठी केलेला नव्हता. राजाने मंत्रिपदाचे आमिष दाखवून पार्लमेंट विकत घेऊ नये यासाठी तो होता. पण पद घेतलेल्या माणसाला तो मतदारांच्या दारात उभा करी. विन्स्टन चर्चिल यांची गोष्ट घ्या. १९०० साली ते हुजूर पक्षातर्फे ओल्डमहून निवडून आले. त्या पक्षातील जोसेफ चेंबरलेन आदी मंडळींनी आयात जकातींचा आग्रह धरला, चर्चिल खुल्या व्यापाराचे कैवारी. १९०४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ते सभागृहात आले आणि नेहमीच्या बाकाकडे न जाता विरोधी बाजूस लॉइड जॉर्ज यांच्याशेजारी जाऊन बसले. राजीनामा नाही, पोटनिवडणूक नाही. १९०६ साली नव्या पक्षातर्फे मँचेस्टरच्या एका मतदारसंघातून ते विजयी झाले. १९०८ साली त्यांना व्यापारमंत्री म्हणून मंत्रिमंडळात घेतले, तेव्हा कायद्याने त्यांना मँचेस्टरच्या मतदारांपुढे पुन्हा जाणे भाग पडले, आणि मतदारांनी त्यांना पाडले! मग डंडीहून त्यांना निवडून यावे लागले. १९२४ साली चर्चिल हुजूर पक्षाच्या गोटात परतले आणि त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. दोन वर्षांनी, १९२६ साली, पुन्हा कौल मागण्याचा तो कायदाच पूर्णपणे रद्द झाला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही.

कायदा गेला, पण त्याची लाज काही काळ शिल्लक राहिली. विल्यम जोविट हे नामांकित वकील १९२९ साली उदारमतवादी पक्षातर्फे प्रेस्टनहून निवडून आले. काही दिवसांतच मजूर पक्षाच्या नव्या सरकारने त्यांना ॲटर्नी जनरल होण्यास बोलाविले, आणि ते गेले. यापेक्षा उघड सौदा कोणता असेल? परंतु कायद्याची सक्ती नसता त्यांनी जागेचा राजीनामा दिला, मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून प्रेस्टनला परत गेले आणि त्याच जुलैत पुन्हा निवडून आले. त्यांच्या हेतूविषयी लोकांनी काय म्हटले असेल ते असो. त्यांनी विचारले, आणि उत्तर मिळाले.

येथे आपल्या एका माणसाचा उल्लेख केला पाहिजे. मुंबईत जन्मलेले, जमशेटजी टाटांचे भाचे शापूरजी सकलातवाला हे ब्रिटनमध्ये आधी स्वतंत्र मजूर पक्षात होते, १९२१ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९२२ साली लंडनच्या नॉर्थ बॅटर्सीतून ते पार्लमेंटात आले ते मजूर पक्षाच्या अधिकृत पाठिंब्याने. १९२३ साली पडले. १९२४ साली उघड उघड कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. १९२९ साली मजूर पक्षाने त्यांच्यासमोर आपला उमेदवार दिला, तेव्हा मात्र त्यांची जागा गेली. ते पक्ष बदलून निवडणुकीस उभे राहिले. निवडून आल्यावर बदलले नाहीत. हा फरक थोडका नव्हे.

कारण खरी मेख तेथेच आहे असे आम्हांस वाटते. मतदारही पक्ष बदलतो. १९५१ साली ब्रिटनमध्ये दर शंभर मतांपैकी जवळजवळ सत्त्याण्णव मते हुजूर आणि मजूर या दोन पक्षांस पडली होती. घराण्याचा देव बदलू नये तसा लोक पक्ष बदलत नसत. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी हिशेब मांडला आहे, की १९६४ आणि १९६६ या दोन निवडणुकांच्या दरम्यान शंभरापैकी सुमारे तेरा मतदारांनी पक्ष बदलला. २०१० आणि २०१५ यांच्या दरम्यान सुमारे त्रेचाळीसांनी. २०१५ साली स्कॉटलंडमध्ये मजूर पक्षाच्या ४१ जागांची एक उरली. लँकेशायरमधील ली हे जुने खाणीचे गाव १९२२ पासून मजूर पक्षाचे. २०१९ साली त्याने हुजूर पक्षाचा सभासद निवडला, आणि २०२४ साली ते परत फिरले. त्या वर्षी दोन्ही मोठ्या पक्षांची बेरीज शंभरात सत्तावन्नावर आली होती.

मग स्वतः पाच वर्षांत दोनदा फिरलेल्या मतदाराने सभासदाला फितूर म्हणावे, याला काय म्हणावे? प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो. पण मतदार स्वतःच्या खिशातला पैसा खर्च करतो. सभासद खर्च करतो तो दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेला. सावकाराने आपला पैसा हव्या त्या धंद्यात घालावा. मुनिमाने पेढीचा पैसा दुसऱ्या पेढीत नेला तर, धंदा कितीही चांगला असो, आधी विचारावे लागते.

हे विचारणे काहींनी मानले. १९७२ साली लिंकनचे डिक टॅव्हर्न मजूर पक्षाशी युरोपच्या प्रश्नावर बेबनाव झाल्यामुळे राजीनामा देऊन बाहेर पडले आणि १९७३ च्या मार्चमध्ये स्वतःच्या बळावर निवडून आले. १९८१ साली मजूर पक्ष फुटून सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला. रॉय जेंकिन्स, शर्ली विल्यम्स यांच्यासारखी मोठी माणसे त्यात होती. त्यात गेलेले मजूर पक्षाचे सभासद अठ्ठावीस, हुजूर पक्षाचा एक. या एकोणतिसांपैकी राजीनामा देऊन मतदारांकडे किती गेले? एकच, मिचमचे ब्रूस डग्लस-मान. १९८२ च्या जूनमध्ये, फॉकलंडच्या युद्धाचा ज्वर चढला असता, ते उभे राहिले आणि पडले. बाकीचे अठ्ठावीस शहाणे ठरले काय? १९८३ साली त्यांच्या पक्षाला आणि उदारमतवाद्यांना मिळून शंभरात पंचवीस मते पडली आणि जागा मिळाल्या तेवीस. त्यांतील सोशल डेमोक्रॅट सहा. मतदारांचा हिशेब चुकला नव्हता, फक्त एक वर्ष उशिरा झाला होता.

आपल्याकडे १९६७ नंतर सरकारे वाळूच्या किल्ल्यासारखी ढासळू लागली आणि अखेर १९८५ साली घटनेत दहावे परिशिष्ट आले. मग ब्रिटन तसे का करीत नाही? १८८६ साली ग्लॅडस्टनने आयर्लंडला स्वराज्य देणारे विधेयक आणले, ते ३१३ विरुद्ध ३४३ मतांनी पडले, कारण त्याच्याच पक्षातील त्र्याण्णव सभासदांनी विरुद्ध मत दिले. आमची सहानुभूती अर्थात विधेयकाच्या बाजूने. परंतु आपल्या कायद्याखाली पक्षादेश मोडणाऱ्या या त्र्याण्णव जणांची सभासदत्वे धोक्यात आली असती. पक्षांतराला दार बंद करताना पक्षातल्या विरोधी मतालाही दार बंद होते. ब्रिटनमध्ये २०१५ पासून सभासदाला परत बोलाविण्याचा कायदा आहे, पण तो शिक्षा झालेल्या किंवा सभागृहातून निलंबित झालेल्या सभासदांपुरता. पक्षांतर त्यात बसत नाही.

म्हणून प्रत्येकजण आपल्या वकुबाप्रमाणे वागतो. २०१४ साली हुजूर पक्षाचे डग्लस कार्सवेल आणि मार्क रेकलेस यू. के. इंडिपेंडन्स पक्षात गेले, दोघांनी राजीनामे दिले, दोघे पोटनिवडणुकीत निवडून आले. सात महिन्यांच्या आत सार्वत्रिक निवडणूक आली, तेव्हा कार्सवेल राहिले, रेकलेस गेले. उलट १९९९ साली विटनीचे शॉन वुडवर्ड हुजूर पक्षातून मजूर पक्षात गेले, राजीनामा दिला नाही, आणि २००१ साली विटनीला तोंड न दाखविता मजूर पक्षाच्या हमखास जागेवरून, सेंट हेलेन्स साउथमधून, निवडून आले. विटनीची रिकामी जागा डेव्हिड कॅमेरन यांना मिळाली. २०१९ च्या सप्टेंबरात पंतप्रधान जॉन्सन बोलत असता फिलिप ली उठले, वाट ओलांडून पलीकडे गेले, आणि सरकारचे एका मताचे बहुमत तेथेच संपले. डिसेंबरात मतदारांनी त्यांना नव्या पक्षातर्फे निवडले नाही. बरी साउथचे ख्रिश्चन वेकफर्ड २०१९ साली अवघ्या ४०२ मतांनी हुजूर पक्षातर्फे आले, २०२२ च्या जानेवारीत मजूर पक्षात गेले, राजीनामा दिला नाही, आणि २०२४ साली त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा पाठविले. यांत एक नियम शोधू पाहणाऱ्याने निराश व्हावे.

२०२० साली पक्ष बदलणाऱ्या सभासदास मतदारांनी परत बोलावू शकावे असे एक खाजगी विधेयक कॉमन्स सभेत मांडण्यात आले. ते कायदा झाले नाही. त्याच्या पाठीराख्यांत ॲशफील्डचे ली अँडरसन यांचे नाव होते. अँडरसन पूर्वी मजूर पक्षाचे नगरसेवक, तेव्हा हुजूर पक्षाचे सभासद. २०२४ च्या मार्चमध्ये ते रिफॉर्म पक्षात गेले. पत्रकारांनी त्या विधेयकाची आठवण देऊन विचारले, आता पोटनिवडणूक का नाही? त्यांचे म्हणणे पडले की सार्वत्रिक निवडणूक जवळ आलीच आहे. ती जुलैत झाली, आणि ॲशफील्डच्या मतदारांनी त्यांनाच निवडून दिले.