अभिजात भाषा, बाया आणि नोकरीचं दार

(जालना जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

विषय ऐकून काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं. रोजगार हमीची मजुरी, रेशन, दारूबंदी, टाकलेल्या बाया हे आपले विषय. त्यात संस्कृत, पाली, ग्रीक, लॅटिन कुठून आलं? तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही दिला. गावोगाव पेढे वाटले गेले. या दर्जाबरोबर अध्यासनं, अभ्यासकेंद्रं, पुरस्कार आणि परिषदा येतात. म्हणजे पैसा आणि नोकऱ्या येतात. त्या खुर्च्यांवर कोण बसणार, हा साधा रोजगाराचा प्रश्न आहे आणि म्हणून तो आपला आहे.

दुसरं कारण त्याहून जुनं आहे. विधवेनं काय ल्यावं, मुलीला वाटा द्यावा की नाही, यावर भांडण पेटलं की कुणीतरी म्हणतंच, "शास्त्रात असं लिहिलंय." आपल्यापैकी कितीजणींनी ते शास्त्र उघडून पाहिलंय? ज्याला ती भाषा येते तो अर्थ सांगणार आणि आपण मान डोलावणार, असंच चालत आलं. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून या शास्त्रवाल्यांना धारेवर धरलं. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तो दिवस आपल्यापैकी अनेक संघटना भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. त्याच बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नव्हतं, त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टानं मिळवलं.

अर्थ कोण लावतो यानं किती फरक पडतो, याचं एक परदेशी उदाहरण देते. होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात राजवाड्यातल्या गुलाम बायांना फाशी दिल्याचा प्रसंग आहे. मूळ ग्रीकमध्ये त्यांच्यासाठी शिवी नाही. पण इंग्रजीत आणताना काही पुरुष भाषांतरकारांनी त्या बायांना बदफैली ठरवणारे शब्द घातले. २०१७ साली एमिली विल्सन यांचं भाषांतर आलं. इंग्रजीत संपूर्ण 'ओडिसी' प्रसिद्ध करणारी ही पहिली बाई. तिनं तो मजकूर काढला. इतकी शतकं ती शिवी मूळचीच समजून वाचली गेली होती!

आता म्हणाल, ग्रीकांचा आणि जालन्याचा काय संबंध? आहे, आणि दाट आहे. आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. तिथे हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली होती, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तेर आणखी दहा दिवसांवर असल्याचं लिहिलंय. आपल्या भागातलं कापड गाड्यांवर लादून समुद्राकडे जायचं. ते सूत कातणाऱ्यांत बाया असतीलच. त्यांचा इतिहास वाचायचा तर प्राकृत हवी, पाली हवी, ग्रीकही हवी. तो भोकरदनच्या मुलीनं का वाचू नये?

बाई या दारापर्यंत पोचली की काय होतं, ते तिघींच्या गोष्टींतून सांगते.

पहिली पंडिता रमाबाई. आईनं तिला संस्कृत शिकवलं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८३ साली ती इंग्लंडला गेली, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकू आणि संस्कृत शिकवू लागली. तिनं तरुण पुरुषांनाही शिकवावं असा विचार निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. कारण काय, तर पुरुषांना शिकवल्याचं कळलं तर हिंदुस्थानात तिची किंमत जाईल! रमाबाईनं उत्तर दिलं की मी मायदेशी पुरुषांच्या सभांत बोलतच आले आहे, त्यात गैर काही नाही. विद्वत्तेवर कुणाचा आक्षेप नव्हता, तो तिच्या बाईपणावर होता. पुढे याच रमाबाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मुळातून मराठीत आणलं आणि केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायांनी त्याचे खिळे जुळवले.

दुसरी इंग्लंडची जेन हॅरिसन. ग्रीक धर्मावरची तिची पुस्तकं जगभर वाचली जातात. पण केंब्रिज विद्यापीठानं बायांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली. जेन १९२८ सालीच वारली.

तिसरी आपली कुमुद पावडे. नागपूरच्या दलित घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली. लोकांना केवढं आश्चर्य! सत्कार झाले, नोकरी मात्र मिळेना. माहेरचं आडनाव सोमकुवर होतं तोवर दार बंद राहिलं. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव पावडे झालं आणि सरकारी महाविद्यालयात नेमणूक मिळाली. 'अंतःस्फोट' (१९८१) मध्ये त्यांनीच हे सांगितलंय. ही नोकरी कुमुद सोमकुवरला मिळालेली नाही, हे शल्य त्यांना होतं. २०२३ साली त्या गेल्या. रमाबाईला ज्ञान जातीमुळे मिळालं आणि बाई म्हणून अडवलं गेलं. कुमुदताईंना दोन्हींनी अडवलं. हा फरक आपण विसरता कामा नये.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर जानेवारी २०१९ मधली अमेरिकेतली गोष्ट ऐका. सॅन दिएगोला ग्रीक-लॅटिन अभ्यासकांची वार्षिक परिषद भरली होती. डॅन-एल पडिया पेराल्टा या कृष्णवर्णीय प्राध्यापकाला भर सभेत एका बाईनं सुनावलं की तुला नोकरी तू काळा आहेस म्हणून मिळाली असावी. त्याच परिषदेत गौरेतर अभ्यासकांना हॉटेलच्या सुरक्षारक्षकांनी हटकून ओळखपत्रं मागितली. बोलणारी बाई होती, हेही लक्षात ठेवा. बाई असणं पुरेसं नसतं.

आता आपल्याकडे या. मुलगी एम.ए. होते, नेट होते आणि तासिका तत्त्वावर कॉलेजात लागते. जितके तास तितके पैसे, तेही महिनोन्‌महिने रखडलेले. उन्हाळ्यात काहीच नाही. कायम जागेचं विचारलं की लाखांची भाषा होते. बाप म्हणतो, एवढ्यात लग्न होईल. वर परिषदांची सक्ती असते. निबंध वाचला नाही तर मुलाखतीत मोजत नाहीत. फी, प्रवास, मुक्काम पदरचं. लेकरू कुणाजवळ ठेवायचं? आमच्याकडे आलेल्या एका तरुण शिक्षिकेला विभागप्रमुख म्हणाले, "माझ्या गाडीतून चला, खोलीचं मी बघतो." ती गेली नाही. पुढच्या वर्षी तिचे तास कमी झाले. तक्रार करायला ती घाबरत होती, कारण "कॉलेजबाहेरचं कोण ऐकणार?"

मैत्रिणींनो, हे पाठ करून ठेवा. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा कामानिमित्त गेलेल्या जागेला आणि मालकानं पुरवलेल्या वाहनालाही लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम विद्यार्थिनींनाही संरक्षण देतात, सहली-शिबिरांसारख्या बाहेरच्या कार्यक्रमांतसुद्धा. तक्रार तीन महिन्यांत करायची. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. ती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. पीएच.डी. करणाऱ्या मुलींना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि दोन वर्षांची जादा मुदत मिळू शकते. हे किती मुलींना ठाऊक असतं?

म्हणून चार कामं सुचवते. एक, प्रत्येक तालुक्यातल्या कॉलेजात अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लागली आहेत का, ते आपण जाऊन पाहू. दोन, अभिजात भाषांच्या नावानं येणाऱ्या जागांची जाहिरात उघडपणे निघावी आणि आरक्षणाची बिंदुनामावली दाखवावी अशी मागणी करू. तीन, परिषदा भरवणाऱ्यांकडे तासिकेवरच्या शिक्षिकांना फी माफ करण्याचा आणि पाळणाघराचा आग्रह धरू. चार, आपल्या मुलींना पाली-प्राकृताची गोडी लावू. थेरीगाथा या भिक्षुणींच्या रचना पालीत आहेत. हाल सातवाहनाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत बायांच्या तोंडच्या कितीतरी गाथा महाराष्ट्री प्राकृतात आहेत. हा आपला वारसा आहे, तो आपल्याला कुणी परक्यानं समजावून द्यावा अशी पाळी का यावी?

पेढे वाटून झाले. आता पहिली जाहिरात निघेल तेव्हा ती वाचायला आणि तिच्यावर प्रश्न विचारायला आपण हजर राहू या.